रिकामा हिरवा

(भिलाई येथील वार्षिक स्मृति-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



या व्याख्यानमालेचं यंदाचं पुष्प गुंफायला मला बोलावलंत आणि विषयही माझ्यावरच सोडलात. पत्रिकेवर 'जीई रोडवरचे सिग्नल' हे शब्द वाचून एका काकूंनी मला दारातच गाठलं. म्हणाल्या, "अगं, स्मृतिव्याख्यानात सिग्नल? संत नाहीत, साहित्य नाही, गेला बाजार मधुमेह तरी घ्यायचास!" काकू पहिल्या रांगेत बसल्या आहेत. येताना त्यांची रिक्षा सुपेल्याच्या चौकात अडकली होती, हेही त्यांनीच सांगितलं. तेव्हा आजचं प्रास्ताविक त्यांनी केलं असं समजते.

ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, ते रविवारी सकाळी आपल्या मंडळाच्या खोलीत आम्हा मराठी पोरांना दोन गोष्टी शिकवायचे: जोडाक्षरं आणि लसावि. घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी, शाळेत हिंदी, अशा आमच्या वह्यांत जोडाक्षरांचे हाल व्हायचे. लसावि तर कुणालाच आवडायचा नाही. एक घंटा दर ९ मिनिटांनी वाजते, दुसरी दर १२ मिनिटांनी; आत्ता दोन्ही एकदम वाजल्या, तर पुन्हा एकदम कधी वाजतील? उत्तर ३६ मिनिटांनी. आम्ही विचारायचो, "सर, याचा उपयोग काय?" सर म्हणायचे, "सापडेल." मला तो सापडायला वीस वर्षं लागली आणि तो जीई रोडवर सापडला.

दुसरी शिकवणी घरची. बाबा इथल्या पोलाद कारखान्याच्या वायर रॉड मिलमध्ये होते. तिथे भट्टीत सुमारे बाराशे अंशांपर्यंत तापलेला लोखंडाचा बिलेट एकामागून एक लावलेल्या रोलच्या जोड्यांमधून जातो. प्रत्येक जोडीत तो बारीक होतो, म्हणून लांब होतो, म्हणून पुढच्या जोडीला आधीच्या जोडीपेक्षा वेगाने फिरावं लागतं. हा हिशेब चुकला, पुढची जोडी जरा मागे राहिली, की मागून येणारा लालभडक रॉड वर उसळतो आणि क्षणात शेवयांसारखा गुंता होतो. मिलमध्ये त्याला 'कॉबल' म्हणतात. मग मिल थांबवायची, गुंता गॅसने कापून काढायचा. बाबा घरी उशिरा आले की आई विचारायची, "कॉबल?" बाबा नुसती मान हलवायचे. कॉबल जिथे दिसतं तिथे त्याचं कारण नसतं, ते आधीच्या किंवा पुढच्या जोडीत असतं, हे मी इंजिनिअरिंगला जाण्याआधीच शिकले होते.

आता रस्त्यावर येऊ. जीई रोड, म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोड. पूर्वी तो राष्ट्रीय महामार्ग ६ होता, आता ५३ आहे. हाच रस्ता धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा असा महाराष्ट्र ओलांडून राजनांदगाव, दुर्गमार्गे आपल्या दारातून रायपूरला जातो. आपल्यातले निम्मे लोक या रस्त्याचा शेपटा धरूनच इथे आले. त्याच्या जवळून मुंबई-हावडा रेल्वेमार्ग धावतो आणि रुळांच्या पलीकडे पोलाद कारखाना आहे, त्याच्या वसाहतीचे सेक्टर आहेत. या कारखान्यासाठी २ फेब्रुवारी १९५५ला सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. सेक्टर आखून वसले. रस्त्याच्या या बाजूचं कॅम्प, सुपेला, खुर्सीपार मात्र गरजेप्रमाणे वाढत गेलं. त्यामुळे जीई रोडवर दोन प्रवाह एकमेकांना छेदतात. एक लांबचा, दुर्ग-रायपूर आणि त्याही पलीकडचा. दुसरा आडवा, घर ते कारखाना, घर ते बाजार, घर ते शाळा. अलीकडच्या वर्षांत सुपेला, पॉवर हाऊस, डबरापारा, कुम्हारी इथे उड्डाणपूल झाले आणि लांबचा प्रवाह वरून जाऊ लागला. आडवा प्रवाह आणि वळणारी वाहनं पुलाखालीच राहिली. म्हणजे खालच्या चौकाचा स्वभावच बदलला. पूल उभा करताना आपण नारळ फोडतो; खालच्या सिग्नलचे सेकंद मात्र पुन्हा मांडायचे असतात, याचं कुणाला भान राहत नाही.

सिग्नल हा मुळात रेल्वेचाच वारस आहे, हे आपल्यासारख्या रुळांशेजारी राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. १८६८च्या डिसेंबरात लंडनला पार्लमेंटजवळ जगातला पहिला रस्त्यावरचा सिग्नल लागला. तो जे. पी. नाइट या रेल्वे इंजिनिअरने बनवला होता आणि त्यात गॅसचे दिवे होते. महिन्याभरात त्यात स्फोट झाला, तो चालवणारा पोलीस भाजला आणि प्रयोग गुंडाळला गेला. विजेचा सिग्नल १९१४मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला आला. पण कुठल्या बाजूला किती सेकंद द्यायचे, याचं पक्कं सूत्र यायला १९५८ उजाडलं. ते एफ. व्ही. वेबस्टर या ब्रिटिश संशोधकाने मांडलं. आपली झोतभट्टी पेटायच्या आदल्या वर्षी! जगभरचे विद्यार्थी आजही ते शिकतात.

ते सूत्र मी फळ्याशिवाय सांगते. तीन गोष्टी लागतात.

पहिली: हिरव्याचा एक सेकंद म्हणजे किती वाहनं? रस्त्याच्या दर मीटर रुंदीला हिरव्याच्या तासाभरात साधारण ५२५ कार सुटतात, असा आपल्याकडचा जुना ठोकताळा आहे. ७ मीटर रुंदीला सुमारे ३,६७५. तासाचे सेकंद ३,६००. म्हणजे हिरव्याचा एक सेकंद म्हणजे एक कार, किंवा साधारण दोन दुचाकी. हे मनात ठेवा, पुढे लागेल.

दुसरी: बदलाची किंमत. हिरवा एका बाजूकडून दुसरीकडे जाताना पिवळा लागतो, क्षणभर सगळीकडे लाल होतो, मग पुढची रांग हलायला वेळ घेते. दर बदलाला ढोबळमानाने ४ सेकंद कुणाच्याच कामी येत नाहीत. आपल्याकडे चौकात चार बाजू असतील तर चार पाळ्या लावायची सवय आहे. दुर्गकडच्यांनी जायचं, मग रायपूरकडच्यांनी, मग डावीकडच्यांनी, मग उजवीकडच्यांनी. समोरासमोर टक्कर नको, पोलिसांनाही सोपं. पण सगळ्या पाळ्यांचा मिळून एक फेरा १२० सेकंदांचा धरला, तर त्यात चार बदलांचे १६ सेकंद गेले. तासाला ३० फेरे, म्हणजे ४८० सेकंद. दर तासाला ८ मिनिटं चौक कुणाचाच नसतो.

तिसरी: भार. प्रत्येक पाळीला येणारी वाहनं आणि सतत हिरवा असता तर सुटू शकणारी वाहनं यांचं गुणोत्तर काढायचं आणि त्यांची बेरीज करायची. वेबस्टर म्हणतात, वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करा, त्यात ५ मिळवा, आणि एकातून भार वजा करून जे उरेल त्याने भागा. आला तुमचा फेरा. समजा चार पाळ्या, १६ सेकंद वाया, भार ०.८. उत्तर १४५ सेकंद. आता उजवीकडे वळणारे कमी आहेत अशा चौकात समोरासमोरचे सरळ जाणारे एकदम सोडले, वळणाऱ्यांना छोटी स्वतंत्र पाळी दिली आणि आडव्या रस्त्याच्या दोन्ही बाजू एकत्र केल्या. तीन पाळ्या, १२ सेकंद वाया, आणि समोरासमोरचे एकाच हिरव्यात निघाल्यामुळे भार, समजा, ०.६वर आला. उत्तर ५८ सेकंद. रस्ता एक इंचही रुंद झाला नाही, पण लाल दिव्यात उभं राहणं निम्म्याहून कमी झालं.

लगेच टाळ्या नकोत. जिथे वळणारे खूप, तिथे हे चालणार नाही. आणि भार एकाच्या जवळ गेला की भाजक शून्याकडे जातो, फेरा अनंताकडे. तिथे वेबस्टरही हात टेकतात. मग वाहनंच कमी करावी लागतात: बस हवी, दुसरी वाट हवी, कारखान्याची आणि शाळांची वेळ थोडी हलवावी लागते. सेकंदांनी सगळंच सुटतं असं सांगायला मी आलेले नाही. सेकंद आधी मोजावेत, एवढंच म्हणणं आहे.

आता सरांच्या घंटा. एक चौक ९० सेकंदांच्या फेऱ्यावर चालतो, पुढचा १२०च्या. लसावि? बरोबर, ३६०. दोघांचा मेळ सहा मिनिटांतून एकदा बसणार, बाकी वेळ नशीब. इकडचा हिरवा सुटला की तिकडे लाल लागलेला. मराठीत सिग्नल 'लागतो' आणि 'सुटतो'. लागणं दृष्टीसारखं, सुटणं बंधनासारखं. जीई रोडवर तो एकदा सुटतो आणि पुढे पुन्हा लागतो.

म्हणून रांगेतल्या सगळ्या चौकांचा फेरा एकच हवा, आणि पुढच्या चौकाचा हिरवा मागच्यापेक्षा तेवढाच उशिरा सुरू व्हायला हवा, जेवढा वेळ वाहनांना तिथे पोहोचायला लागतो. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. चौक ६०० मीटरवर असेल तर ६० सेकंद. बाबांच्या रोलच्या जोड्यांचं हेच गणित. बिलेट येईल तेव्हा जोडी त्या वेगाने फिरत असली पाहिजे.

पण मिलमध्ये लोखंड एकाच दिशेने जातं. रस्त्यावर ते दोन्हीकडून येतं. दुर्गकडून येणाऱ्यांसाठी हिरव्यांची रांग जुळवली तर रायपूरकडून येणारे प्रत्येक चौकात अडू शकतात. इथे पुन्हा हिशेबच मदतीला येतो: चौकापासून चौकापर्यंत जाऊन परत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच फेरा ठेवला की दोन्ही दिशांना हिरवा मिळतो. ६०० मीटरला जाऊन-येऊन १२० सेकंद. फेरा १२० ठेवा, अर्ध्या फेऱ्याचा फरक ठेवा, दोघेही खूश. ४५० मीटरला ९०. आपली अडचण अशी की आपले चौक कुणी समान अंतरावर मांडलेले नाहीत. ते गावांच्या वाटांनी, रेल्वेच्या फाटकांनी, नंदिनीकडे जाणाऱ्या रस्त्याने ठरवले. म्हणून कुठेतरी तडजोड करावी लागते: सकाळी या दिशेला झुकतं माप, संध्याकाळी त्या दिशेला. आणि सगळ्या सिग्नलांची घड्याळं एकमेकांशी बांधलेली हवीत. एखादं घड्याळ दिवसाला फक्त एक सेकंद मागे पडलं, तरी दोन महिन्यांत ते मिनिटभर मागे जातं. १२०च्या फेऱ्यात एक मिनिट म्हणजे नेमका उलटा डाव: जिथे हिरवा मिळायचा तिथे ठरवून लाल.

आता जरा चौकात उभे राहू. या आठवड्यात मी एका सकाळी सुपेल्याला पुलाखाली, चहाच्या टपरीच्या सावलीत, वही आणि मनगटी घड्याळ घेऊन उभी होते. लाल दिवा. दुचाक्या मोटारींच्या फटींतून एकेक करत पुढे सरकल्या, थांबरेषा ओलांडून थव्याने उभ्या राहिल्या. गळ्यात गेटपास, हँडलला डबा. दिव्याच्या उलट मोजणीत तीनचा आकडा दिसताच थवा सुटला. पहिल्या काही सेकंदांत जेवढे निघाले तेवढे नंतरच्या दहात निघाले नाहीत. का? चौक ओलांडून वीस पावलांवर एक शेअर ऑटो सवारी घ्यायला थांबला होता. त्याच्या मागे दुसरा. मागची मोटार अडली, तिच्या मागची बस चौकाच्या मधोमध अडली. हिरवा चालू होता आणि चौकातून काहीही जात नव्हतं. मी वहीत लिहिलं: 'कॉबल'. कारण चौकात नव्हतं, पुढे वीस पावलांवर होतं.

मग आडव्या बाजूचा हिरवा लागला. तिथली छोटीशी रांग चटकन संपली, पण दिवा हिरवाच. समोर मोकळा रस्ता, आणि मुख्य रस्त्यावर इंजिनं सुरू ठेवून घामाघूम झालेली माणसं लाल दिव्याकडे बघत बसलेली. मी याला 'रिकामा हिरवा' म्हणते. आजच्या व्याख्यानातून एकच शब्द घरी न्यायचा असेल तर हा न्या. एका बाजूचा रिकामा हिरवा म्हणजे दुसऱ्या बाजूचा फुकटचा लाल. हिरव्याचा सेकंद म्हणजे एक कार हे आठवतंय ना? मग रिकाम्या हिरव्याचा प्रत्येक सेकंद आपण रोज, दर फेऱ्याला, गटारात ओततो.

पण सेकंद कापायला निघालात तर एका सेकंदाला हात लावू नका: पायी जाणाऱ्यांच्या. १५ मीटर रस्ता, चालण्याचा नेहमी धरतात तो वेग सेकंदाला १.२ मीटर, साडेबारा सेकंद. काकू, तुमच्या गुडघ्यांना ०.८ धरू, जवळजवळ १९ सेकंद. वाहनांचा हिशेब जमवताना आपले इंजिनिअर हे मधले सहा सेकंद हळूच खिशात घालतात. ज्याच्याकडे हॉर्न नाही त्याचे सेकंद मोजले जात नाहीत.

आपल्या शहराला एक देणगी आहे, जी पुण्यामुंबईला नाही. पुण्यात गर्दी कधी उसळेल हे सांगता येत नाही. भिलाईत सांगता येतं. सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. मराठीत सिग्नलचीही पाळी आणि कारखान्याचीही पाळी. भाषेने जोडलेलं यंत्रात जोडायचं मात्र आपलं राहून गेलं. पाळी सुटण्याआधीची आणि नंतरची अर्धी घटका आडव्या प्रवाहाला जास्त हिरवा, एरवी कमी. शाळेची वेळ वेगळी. रविवारी सुपेल्याच्या बाजाराची वेगळी. रात्री अकरानंतर छोटा फेरा, किंवा नुसता लुकलुकता पिवळा. आणि मे महिन्याच्या दुपारी? आपल्याच महामार्गावर अडीचशे किलोमीटर मागे, नागपुरात, अलीकडच्या उन्हाळ्यांत भर दुपारी काही सिग्नल बंद ठेवतात, कारण लाल दिव्याखाली माणूस भाजतो. हेही वेळापत्रकच आहे. ओबडधोबड आहे, पण माणसाची कड घेणारं.

कुणी म्हणेल, आता हे यंत्रच करतं. खरं आहे. ग्लासगोला १९७०च्या दशकात 'स्कूट' आली, सिडनीला 'स्कॅट्स': रस्त्यातले संवेदक वाहनं मोजतात आणि संगणक सेकंद हलवतो. आपल्याकडे सी-डॅकने मिश्र रहदारीसाठी 'कॉसिकॉस्ट' बनवली. पुण्यात सव्वाशेच्या आसपास चौकांत असे रहदारी बघून बदलणारे सिग्नल बसले. गूगलसुद्धा फोनवरून कळणाऱ्या वेगावरून कोलकाता, बंगळुरू, हैदराबादला चौकांचे सेकंद सुचवू लागलं. ही सगळी अवजारं चांगली आहेत. पण चौकाच्या तोंडाशी थांबलेला शेअर ऑटो संगणकाला फक्त 'गर्दी' म्हणून दिसतो, आणि तो बिचारा त्या बाजूचा हिरवा वाढवतो. म्हणजे रिकामा हिरवा आणखी लांब. त्या ऑटोला पन्नास मीटर पुढे, रस्त्याच्या आत घेतलेली थांबायची जागा द्यायला संगणक लागत नाही. त्याच्याशी नीट बोलणारा माणूस लागतो.

आणि मालक लागतो. दुर्गहून कुम्हारीपर्यंत हा एक रस्ता तीन महापालिका आणि एका नगरपालिकेतून जातो: दुर्ग, भिलाई, भिलाई-चरोदा आणि कुम्हारी. रस्ता महामार्गाचा, खांब पालिकेचे, शिट्टी पोलिसांची. हिरव्यांची रांग जुळवायची तर ती सीमा बघून थांबत नाही. वायर रॉड मिलमध्ये प्रत्येक जोडीचा मालक वेगळा असता, तर बाबा रोज उशिराच घरी आले असते. एक माणूस, एक टेबल, आणि वर्षातून एकदा सगळे सेकंद पुन्हा मोजण्याची सक्ती, एवढं झालं तर नवीन पुलाइतकंच काम होईल, पुलाच्या खर्चाच्या किरकोळ हिश्शात.

तोवर आपण काय करायचं? माझी मागणी छोटी आहे. मंडळातल्या पाच जणांनी, एका कामाच्या बुधवारी, सकाळी आठ ते नऊ, एका चौकात उभं राहायचं. एकाने एक बाजू धरायची. हिरवा लागला की घड्याळ बघायचं, रांगेतलं शेवटचं वाहन गेलं की पुन्हा बघायचं, हिरवा गेला की तिसऱ्यांदा. दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक म्हणजे रिकामा हिरवा. पाचव्याने ऑटो कुठे थांबतात आणि पायी जाणारे कुठे अडतात ते लिहायचं. तास संपला की चहा आणि बेरीज. ही वही पोलिसांकडे, पालिकेकडे न्यायची. तक्रार म्हणून नेऊ नका, हिशेब म्हणून न्या. तक्रारीला माणूस उत्तर देतो. हिशेबापुढे त्याला स्वतःचा हिशेब काढावा लागतो.

सर वही तपासताना एक सवय कधी मोडायचे नाहीत. उत्तर बरोबर असलं तरी पानाच्या शेवटी लिहायचे, 'पडताळा?' आणि पडताळा नसेल तर गुण अर्धे. सेकंद बदलल्यावर रिकामा हिरवा खरंच कमी झाला का, रांग खरंच छोटी झाली की पुढच्या चौकात गेली, हे पुन्हा अशाच एका बुधवारी, त्याच पाच जणांनी बघायला हवं. पुढच्या वर्षी मला श्रोत्यांत बसायला आवडेल. वही तुम्ही आणा, पडताळ्यासह. आणि काकूंना रिक्षाने यायला किती वेळ लागला, तो आकडा पहिल्या पानावर लिहा.